इंदूरच्या केबलवर मराठी चॅनल कुणाच्या मर्जीने दिसायचं

रामबाग, लोकमान्य नगरकडे अजूनही ऐकू येतं, मराठी चॅनलचे वेगळे पैसे का, आणि मग सगळे केबलवाल्याला दोन शिव्या घालून मोकळे होतात. पण हे भांडण केबलवाल्याच्या बरंच वरचं आणि जुनं आहे.

१९९५ ला केबल कायदा आला तेव्हा काम सोपं होतं, हेड पोस्टात रजिस्ट्रेशन करा आणि गल्लीत वायर टाका. पुढे २००० च्या दुरुस्तीत दूरदर्शनचे दोन चॅनल आणि राज्याच्या भाषेतलं एक दाखवणं सक्तीचं झालं. आता मध्य प्रदेशात राज्याची भाषा म्हणजे हिंदीच, त्यामुळे होळकरांच्या गावात मराठीला कायद्याने काही जागा मिळाली नाही, दाखवायचं की नाही ते ऑपरेटर ठरवणार. तेव्हाच्या, सेट टॉप बॉक्सआधीच्या ॲनालॉग केबलमध्ये जागाच कमी, म्हणून चांगल्या बँडवर बसायला चॅनलवालेच उलट पैसे मोजायचे, तीच ती कॅरेज फी.

आणि खरी गोम वेगळीच होती, कनेक्शन नक्की किती हे कुणालाच माहीत नाही! घरं भरपूर, कागदावर थोडी. चॅनलवाले म्हणणार आमचे पैसे बुडतात, ऑपरेटर म्हणणार तुमचे रेटच अवाच्या सवा, सरकारचा करमणूक कर बुडायचा तो वेगळाच.

९ जानेवारी २००४ ला हे सगळं ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉमवर नियम करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या गळ्यात आलं. ट्रायने आधी रेट गोठवले, २६ डिसेंबर २००३ ला जे होते तेच, आणि मग नियम केला की ब्रॉडकास्टरने (म्हणजे चॅनलवाल्याने) मागेल त्या डिस्ट्रिब्युटरला (केबल किंवा डीटीएचवाल्याला) सिग्नल द्यायचाच, आपला-परका करायचा नाही. त्याच सुमारास कॅस पण आलं होतं, म्हणजे पैशाचे चॅनल बॉक्स लावूनच बघायचे, पण चेन्नई सोडून ते रखडलं, दिल्ली, मुंबई, कोलकात्याच्या काही भागांत सुरू व्हायला २००६ चा शेवट उजाडला.

मग २०११ ची दुरुस्ती, सेट टॉप बॉक्स सक्तीचा. महानगरं पहिल्या फेजमध्ये, इंदूर दुसऱ्यात, तारीख ३१ मार्च २०१३. बॉक्स बसला की कनेक्शन मोजता येतात, निदान असं गृहीत धरलं होतं.

माझ्या मते खरा बदल मात्र २०१७ च्या नियमांनी केला. प्रत्येक चॅनलची किंमत जाहीर करा, ग्राहकाला सुटं निवडू द्या, आणि डिस्ट्रिब्युटरने जागा असेल तर आधी येईल त्याला घ्यायचं. कॅरेज फीला पण वेसण, साध्या (एचडी नसलेल्या) चॅनलला कनेक्शनमागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे, आणि २० टक्के ग्राहकांनी ते चॅनल घेतलं की शून्य. (आपल्याकडे मराठी चॅनलने २० टक्के गाठणं अवघडच म्हणा.) स्टार कोर्टात गेलं, मद्रास हायकोर्टात न्यायाधीशांचंच एकमत होईना, शेवटी ३० ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ट्रायच्या बाजूने निकाल दिला.

२०१९ च्या फेब्रुवारीपासून लोकांना बिलात १०० चॅनलचे १३० रुपये अधिक जीएसटी आणि वर झी मराठीचे १९ असं सुटं सुटं दिसायला लागलं. पण बुकेवर, म्हणजे चॅनलच्या गठ्ठ्यावर, किती सूट द्यायची याची मर्यादा कोर्टाने उडवली होती, मग सुटं महाग आणि गठ्ठा स्वस्त, आणि निवड नावालाच. २०२० ला ट्रायने बुकेतल्या चॅनलची कमाल किंमत १९ वरून १२ वर आणली, २०२२ च्या नोव्हेंबरात परत १९ केली, आणि त्या नव्या रेटवर सही करायची नाही म्हणून मोठे केबलवाले अडले तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये चॅनलवाल्यांनी त्यांचे सिग्नलच बंद केले. जुलै २०२४ ला त्या १३० रुपयांवरची मर्यादाही ट्रायने काढली, आता तो आकडा ऑपरेटर स्वतः ठरवतो.