‘कडक’चा घोळ

सोलापुरात ‘कडक’ म्हटलं की आधी भाकरीच डोळ्यांपुढे येते. पापडासारखी पातळ, मोडताना कुडकुड वाजणारी. चहाचा कडकपणा त्यामानानं कालचा, पण घोळ सगळा त्याचाच. टपरीवर तिघं जण ‘एक कडक’ म्हणतात; एकाला पूड जास्त हवी असते, दुसऱ्याला दूध कमी, तिसऱ्याला नुसता रटरट उकळलेला.

पानाच्या चहाला असं काही नव्हतं. उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, दूध वरून. १९३०च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, वळवून दाणा करणारं सीटीसी यंत्र आलं आणि स्वातंत्र्यानंतर हा दाणा देशभर पसरला. किलोमागे कप जास्त, रंग दोन-तीन मिनिटांत. सोलापुरात १८६० साली रेल्वे आली, मागोमाग गिरण्या. पाळीच्या मधल्या सुट्टीत पान मुरत ठेवायला वेळ कुणाला होता? पुढं गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग उरले आणि मागापाशी चहा किटलीतून जाऊ लागला.

खरा वाद उकळीचा. जास्त उकळला की जास्त कडक, असं निम्मं शहर मानतं. तरतरी आणणारं कॅफिन पहिल्या काही मिनिटांतच बरंचसं उतरतं. नंतर उतरतो तो मुख्यतः तुरटपणा. दुधातली प्रथिनं तो बांधून ठेवतात, म्हणून दूध घालून दहा मिनिटं शिजवलेला चहाही घशाखाली जातो. माझ्या हिशेबी तो कडक नव्हे, आटवलेला. पूड दीड चमचा घाला, पाण्यातच तीन मिनिटं खळखळू द्या, दूध शेवटी घालून एकच उकळी आणा. घरी यावरून रोज सकाळी भांडण होतं, ते असो.

अलीकडं गुळाच्या चहाचे फलक चौकाचौकांत लागले. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटतं. म्हणून जाणता चहावाला पाण्यातच गूळ, पूड आणि ठेचलेलं आलं उकळतो, भांडं खाली उतरवतो आणि वेगळं तापवलेलं दूध धार धरून ओततो. त्याला ‘जरा कडक करा’ सांगितलं, तर तो पुडीच्या डब्याला हातही लावत नाही. आल्याचा आणखी एक तुकडा ठेचतो.