खाली केलेल्या मसल कारसाठी रुंद व्हील-टायर

स्प्रिंग बदलून किंवा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र, उंची बदलता येणारा) टाकून मसल कार, म्हणजे ताकदवान इंजिनाची अमेरिकन धाटणीची गाडी, कंपनीच्या उंचीपेक्षा खाली बसवली की तिला कंपनीच्या रिमपेक्षा रुंद, बाहेरून घेतलेली मॅगव्हील (हलक्या धातूची रिम) आणि तिच्या मापाचे टायर निवडायचं, हे ते काम. कोल्हापुरात हा नाद नवा नाही, पण निवड बहुतेक उलट्या क्रमानं होते. आधी रिमचं डिझाईन आवडतं, मग टायर येतो आणि घासायला लागल्यावर ऑफसेट, म्हणजे रिम हबपासून किती आत-बाहेर बसते ते माप, आठवतो. योग्य क्रम असा की गाडीची उंची आधी पक्की करायची, मग ऑफसेट ठरवायचा, मग रुंदी, आणि टायरचा नंबर सगळ्यात शेवटी.

उगम. पहिली मसल कार कुठली यावर एकमत नाही. काहीजण 1949 च्या ओल्ड्समोबाईल रॉकेट 88 पर्यंत मागं जातात, पण 1964 च्या पाँटिअॅक जीटीओपासून सुरुवात धरणारेच जास्त आहेत आणि इथंही तेच धरलंय. या गाड्यांचे कंपनीचे टायर आजच्या मानानं फार अरुंद होते. फोर्डच्या सुरुवातीच्या सहा सिलिंडर मस्टँगवर 6.50-13 (साधारण साडेसहा इंच रुंद, 13 इंची रिमचे) यायचे, 1965 च्या शेल्बी जीटी350 वर, म्हणजे मस्टँगच्याच शेल्बींनी तयार केलेल्या रूपावर, 7.75-15, आणि 1969 च्या मस्टँग बॉस 302 पर्यंत 7 इंची रिमवर एफ60-15 (एफ हे आकाराचं अक्षर, साइडवॉलची उंची रुंदीच्या 60 टक्के). म्हणजे मोजक्या वर्षांत टायर डोळ्यांत भरण्याइतका रुंद झाला. बॉस 302 ला तर तो रुंद टायर मावावा म्हणून व्हीलच्या कमानीजवळ पत्र्यातही बदल करावा लागला, रुंदी वाढली की पत्र्याचा प्रश्न येतोच हे तेव्हापासूनचं. हे सगळे बायस पद्धतीचे, म्हणजे आतले दोऱ्यांचे थर तिरपे असलेले टायर, अमेरिकेत मसल कारवर रेडियल (दोरे आडवे सरळ असलेले) रुळायला 1970 चं दशक उजाडलं. बाहेरच्या मॅगव्हीलमध्ये अमेरिकन रेसिंगचं टॉर्क थ्रस्ट आणि क्रेगारचं एस/एस ही दोन्ही 1963-64 च्या आसपासची, त्यातलं आधी कुठलं यावर शौकिनांत आजही वाद चालतो.

गाडी खाली बसवण्याचा इतिहास वेगळा आहे आणि तो बराचसा कॅलिफोर्नियातल्या कस्टम गाड्यांकडं जातो. पण मसल कारच्या बाबतीत एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे. 1965 च्या जीटी350 मध्ये पुढच्या वरच्या कंट्रोल आर्मची (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याची) भोकं एक इंच खाली पाडली होती. त्यामुळं नाक थोडं खाली आलं हे खरं, पण मूळ हेतू उंचीचा नव्हता, वळणावर गाडी झुकली की बाहेरच्या टायरला निगेटिव्ह कँबर (चाक वरून आत झुकणं) मिळावा हा होता. याला शेल्बी ड्रॉप म्हणतात, काहीजण आर्निंग ड्रॉप म्हणतात, कारण भूमितीचं गणित फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी मांडलं असं मानतात. टेस्ट ड्रायव्हर केन माइल्सना श्रेय देणारेही आहेत. गणित फोर्डचं आणि ट्रॅकवरची पारख शेल्बीच्या माणसांची, हे मत जास्त पटण्यासारखं. 1966 च्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर हे काम बंद झालं, खर्च हे त्याचं कारण सांगतात. मुद्दा हा की पहिल्यापासून खाली करणं आणि टायर जमिनीवर सपाट टेकवणं ही एकच गोष्ट होती, नुसती स्प्रिंग कापून गाडी बसवली की त्यातली अर्धीच गोष्ट झाली.

रुंदीनं ग्रिप वाढते का. यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो की टायर जमिनीला टेकतो तो भाग वजन आणि हवेवर ठरतो, 450 किलोचा भार आणि 32 पीएसआय हवा असेल तर साधारण 200 चौरस सेंटीमीटर, टायर रुंद असो की अरुंद. दुसरा म्हणतो की रुंद टायर म्हणजे जास्त रबर, विषय संपला. पहिला हिशेब ढोबळमानानं बरोबर आहे, फक्त साइडवॉल स्वतःही थोडा भार उचलतो हे त्यात सुटतं. आणि क्षेत्रफळ तेवढंच राहिलं तरी त्याचा आकार बदलतो, रुंद टायरचा ठसा आडवा नि आखूड होतो, वळणावर स्लिप अँगल (चाकाचं तोंड आणि गाडीची खरी दिशा यांतला कोन) कमी लागतो, उष्णता जास्त रबरात वाटली जाते आणि त्यामुळं मऊ कंपाउंड (रबराचं मिश्रण) परवडतं. खरा फायदा बहुतेक या मऊ कंपाउंडचा आहे. कडक रबराचा 305 मिमी रुंद टायर घेण्यापेक्षा चांगल्या रबराचा 275 घ्यावा. आणि जुलैत पंचगंगा पात्राबाहेर असताना शिरोलीच्या बाजूनं येणाऱ्याला हेही माहीत पाहिजे की साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

ऑफसेट. सगळी गंमत इथं आहे आणि चुकाही इथंच होतात. ऑफसेट ईटी या अक्षरांनी लिहितात, ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडाचं अंतर, मिलिमीटरमध्ये. सहाव्या पिढीच्या मस्टँग जीटीला परफॉर्मन्स पॅकमध्ये मागं 9.5 इंची रिम, ईटी 52.5 आणि 275/40 आर19 टायर (275 मिमी रुंद, साइडवॉलची उंची रुंदीच्या 40 टक्के, 19 इंची रिमचा) यायचा. त्या रिमची अर्धी रुंदी 120.65 मिमी, म्हणजे हबच्या तोंडापासून आत 173 आणि बाहेर 68. आता समजा 11 इंची रिम ईटी 50 मध्ये घेतली, अर्धी रुंदी 139.7, आत जवळपास 190 आणि बाहेर 90. म्हणजे आत साडेसोळा मिमी सरकली आणि बाहेर साडेएकवीस. दुकानदार "दीडच इंच वाढलंय की" म्हणतो तेव्हा तो दीड इंच कुठल्या बाजूला किती गेला हा प्रश्न विचारायचा असतो. शिवाय रिमची रुंदी बीडच्या (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेच्या) जागेपासून मोजतात, ओठासकट प्रत्यक्षात दोन्हीकडं साधारण अर्धा-अर्धा इंच जास्त धरावा. स्पेसर टाकला की त्याच्या जाडीइतका ईटी कमी होतो, 25 मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी 50 चा 25. टायर नुसता बाहेर काढला तर स्क्रब रेडियस (स्टेअरिंगचा अक्ष जमिनीला जिथं मिळतो तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) बदलतो, स्टेअरिंग हातात ओढतं आणि बेअरिंगवर ताण येतो.

305/35 आर19 चा व्यास 275/40 पेक्षा साडेसहा मिमीच कमी, एक टक्क्याच्या आत, त्यामुळं स्पीडोमीटरची फार काळजी नको. जपायचं ते पुढच्या-मागच्या व्यासाचं मूळ प्रमाण, नाहीतर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल गोंधळतात.

खाली केल्यावर काय बदलतं. स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनच्या गाडीत, म्हणजे 2015 पासूनच्या मस्टँगमध्ये, गाडी खाली आली की चाकं वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो, पण वरची कड मडगार्डपासून लांब जाते म्हणून थोडा रुंद टायर मावतो. सरळ अॅक्सलच्या गाडीत असं काही नाही. 2005 ते 2014 च्या मस्टँगमध्ये अॅक्सल पॅनहार्ड रॉडनं धरलेला असतो, रॉडचं एक टोक बॉडीला आणि दुसरं अॅक्सलला, त्यामुळं गाडी खाली आली की अॅक्सल काही मिमी एका बाजूला सरकतो आणि एकाच बाजूचा टायर घासतो. लोक मग त्या बाजूच्या मडगार्डची कड वाकवत बसतात, खरं औषध लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड. हेच आपल्याकडच्या काँटेसालाही बघून घ्यावं. व्हॉक्सहॉलच्या सांगाड्यावरची ही हिंदुस्तान मोटर्सची गाडी सरळ अॅक्सलची आणि मागच्या चाकांवर चालणारी, भारताची मसल कार म्हणतात ती हीच.

माप घ्यायची पद्धत साधी आहे पण वेळ खाते. स्प्रिंग काढायची, हबखाली जॅक लावून सस्पेन्शन बंप स्टॉपला (वरच्या टोकाला असलेल्या रबरी अडथळ्याला) टेकेपर्यंत वर न्यायचं आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. जिथं शंका असेल तिथं आतल्या लाइनरवर (चाकाच्या कमानीतल्या आवरणावर) आणि मडगार्डच्या कडेवर शाडूचा गोळा चिकटवायचा, कुंभार गल्लीत मिळतो तोच. टायर फिरून गेल्यावर शाडू चपटा होऊन किती जाड राहिला ते व्हर्नियरनं मोजायचं, वळणावर टायरचा साइडवॉल फुगतो त्याची जागाही यातच सोडायची. गाडी जमिनीवर उभी असताना बोट घालून "बसतंय" म्हणणं हे माप नव्हे.

कोल्हापुरातली परिस्थिती. इथं उंची ठरवतो रस्ता. हायवेवर कागल ते शिरोली गाडी मख्खन जाते, पण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी गावाकडच्या रस्त्यांना ज्या चाकोऱ्या पडतात त्यात रुंद टायर स्वतःच चाकोरी धरून चालतो, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरावं लागतं. स्पीड ब्रेकर ज्यानं त्यानं आपल्या मनाच्या मापानं घातलेले. त्यात 35 प्रोफाइलचा टायर खड्ड्यात गेला की साइडवॉलला फुगा येतो नाहीतर रिमचा ओठ वाकतो. म्हणून इथं मागं 19 इंचांऐवजी 18 इंचाची रिम घेऊन साइडवॉल जाड ठेवणं शहाणपणाचं, अर्थात ब्रेक कॅलिपर मावत असेल तर. दिसायला थोडं कमी भारी, पण गगनबावड्याला जाऊन परत येता येतं.

एका बाबतीत मात्र कोल्हापूरकर नशीबवान. फाउंड्रीत काम केलेला माणूस जवळपास प्रत्येक गल्लीत आहे आणि कास्टिंग कसं बघायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. स्वस्त नक्कल रिम घेताना अशा माणसाला सोबत न्यावं, स्पोकच्या मागच्या बाजूला आणि नटाच्या भोकांजवळ ब्लोहोल (ओतताना राहिलेली हवेची पोकळी) भरून रंग मारलाय का ते तो ओळखतो. मागं जेडब्ल्यूएलचा (रिमच्या जपानी मानकाचा) शिक्का आणि किलोमध्ये लोड रेटिंग कोरलेलं पाहिजे, नसेल तर ती रिम जड गाडीला लावायची नाही. बाहेरच्या रिमचं मधलं भोक बऱ्याचदा मोठं असतं, मस्टँगचा हब 70.5 मिमीचा, मधली फट भरायला हब रिंग लागते. उद्यमनगरात लेथवर अॅल्युमिनियमची रिंग काढून घेता येते, पण माप हबवरून घेऊन जावं, कॅटलॉगवरून नाही. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मात्र जमवून घ्यायची गोष्ट नाही, 5×114.3 (पाच नट, 114.3 मिमी) ला 5×115 ची रिम "बसते" म्हणून लावणारे आहेत, नट तिरका बसतो आणि सैल होतो.

कायदा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्ही नोंदणीतल्या मूळ तपशिलाबाहेर गाडी बदलण्यावर, पाहता कंपनीच्या मापाबाहेर फार जाणं अडचणीचं, अपघातानंतर इन्शुरन्सवाला हेच आधी बघतो. कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेल्या मापात राहणं बरं.

बसवल्यानंतर. अलाइनमेंट नव्या उंचीवरच करायची, आणि स्प्रिंग थोडी बसू दिल्यावर परत तपासायची. 2015 पासूनच्या मस्टँगच्या नटांना 204 न्यूटन मीटर टॉर्क, तो रेंचनंच द्यायचा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा बघायचा. पुढं-मागं वेगळ्या मापाचे टायर असतील तर ते अदलाबदल करून फिरवता येत नाहीत, म्हणून मागची जोडी आधी संपणार हे धरूनच टायर घ्यावेत.