कॅम पुढेमागे का सरकतो? रोलर कॅमच्या एंड प्लेची पार्श्वभूमी

चादरीच्या सोलापुरात १९९२ पासून कॅमशाफ्टही बनतात, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, थोडक्यात कॅम. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल इथून परदेशी इंजिनांतही जातो. कॅम म्हटलं की बोलणं लोब (शाफ्टवरचे उंचवटे) आणि लिफ्ट (ते व्हॉल्व्ह किती उचलतात) यांवरच घुटमळतं. शाफ्टला पुढेमागे किती मोकळीक, म्हणजे एंड प्ले, ठेवायची, हे मात्र इंजिन बांधायला घेतल्यावरच आठवतं.

सपाट टॅपेटच्या (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे हालचाल पोचवणाऱ्या तुकड्याच्या) काळात ते बरंचसं ग्राइंडिंगमध्येच मिटायचं. लोब दिसायला सरळ, पण रुंदीत एक-दोन थाऊंचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा) उतार. टॅपेटचा तळ नकळत फुगीर आणि त्याचा मध्य लोबच्या मध्यापासून जरा बाजूला. यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो, एकाच जागी घासत नाही. त्याच उताराने कॅमला मागे रेटाही मिळतो. १९५५ च्या शेवरोले स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये म्हणूनच थ्रस्ट प्लेट, म्हणजे कॅमला पुढेमागे सरकू न देणारी पट्टी, नव्हती. कॅमवरच्या स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चाकाची) मागची बाजू ब्लॉकला टेकून फिरायची, संपलं.

सगळ्यांनी एवढा भरवसा ठेवला नाही. विलीज जीपच्या सुरुवातीच्या, टायमिंग चेनवाल्या इंजिनात कॅमच्या तोंडाशी स्प्रिंग आणि प्लंजर (दट्ट्या) असे. तो पुढच्या कव्हरला टेकून कॅम मागे दाबायचा. पुढे चेन जाऊन गिअर आले, तेव्हा थ्रस्ट प्लेट आली. आपल्या अँबॅसिडरच्या बीएमसी बी-सिरीज इंजिनात तर प्लेट होतीच, आणि प्ले ३ ते ७ थाऊ.

रोलर टॅपेटने, म्हणजे तळाशी चाक असलेल्या टॅपेटने, हा हिशेब मोडला. त्याचं चाक लोबवर पूर्ण रुंदीने टेकायला हवं आणि टॅपेट स्वतःभोवती अजिबात फिरता कामा नये. तिरका झाला तर लोबच खाईल. म्हणून लोब सपाट घासतात, आणि उताराबरोबर तो फुकटचा रेटाही जातो. शर्यतीच्या इंजिनांत रोलर आधीपासून होते. घर्षण कमी करून इंधन वाचवायचं म्हणून ते कारखान्याच्या गाड्यांतही आले: फोर्ड मस्टँगच्या ५.० लिटरमध्ये १९८५ ला, शेवरोले स्मॉल ब्लॉकमध्ये १९८७ ला. शेवरोलेने तेव्हा थ्रस्ट प्लेटही दिली.

पंचाईत झाली ती जुन्या ब्लॉकमध्ये रोलर कॅम बसवणाऱ्यांची. स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमवरच्या गिअरने फिरतो, आणि तो गिअर तिरक्या दातांचा. कॅम पुढेमागे झाला की डिस्ट्रिब्युटर थोडा फिरतो आणि स्पार्कचं टायमिंग नाचतं. त्यावर उपाय म्हणजे कॅमच्या तोंडाशी बटण. ते टायमिंग कव्हरला टेकतं, आणि शिम (पातळ चकती) लावून किंवा घासून साधारण ५ ते १० थाऊ प्ले ठेवतात. मापताना कव्हरचं गॅस्केट जागेवर हवं, नाहीतर त्याची जाडी हिशेबातून सुटते. खरी खोट मात्र कव्हरमध्ये असते. मूळ कव्हर पत्र्याचं. त्यावर बाहेरून डायल गेज (सूक्ष्म हालचाल मापणारं काट्याचं यंत्र) लावा आणि टॅपेटच्या बाजूने कॅम पुढे ढकला. काटा हलला तर कव्हरच वाकतंय, आणि आत मापलेल्या प्लेला काही अर्थ नाही. माझ्या मते बटणापेक्षा आधी जाड कव्हरवर पैसे घालावेत.

आजच्या बहुतेक ओव्हरहेड कॅम (कॅम वर हेडमध्ये असलेल्या) इंजिनांत बटणही नाही, सुटी प्लेटही नाही. शाफ्टवरच कॉलर (कडं) असते आणि ती हेडमधल्या किंवा बेअरिंग कॅपमधल्या खाचेत फिरते. म्हणजे प्ले पुन्हा कॅमच्या कारखान्यात, कॉलरची बाजू घासतानाच ठरतो. ॲल्युमिनियमच्या हेडमधली खाच झिजली, तर शिम घालायला मिस्त्रीला जागाच उरत नाही. बऱ्याचदा हेडच बदलावं लागतं.