राख, चुना आणि हिरवा बलक

चीनमधल्या पिदानची, म्हणजे टिकवून मुरवलेल्या अंड्याची, एखादी चित्रफीत सतत कुठून तरी समोर येते. कोणी तरी अंडं सोलतं, आत चहाच्या रंगाची पारदर्शक जेली आणि मधोमध काळपट हिरवा बलक. खाणारा नाक मुरडतो. आणि हे अंडं शंभर वर्षं पुरलेलं असतं, घोड्याच्या मुतात मुरवलेलं असतं, हे ऐकवणारा भेटतोच.

दोन्ही गोष्टी खोट्या. पिदान तयार व्हायला काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने लागतात. राहिला घोडा. त्याच्या मूत्राचा सामू (pH: 7 च्या खाली आम्ल, वर आम्लारी म्हणजे अल्कली) 8 च्या आसपास असतो, आणि या अंड्याला लागणारं द्रावण 12 च्याही पुढचं. सामूच्या पट्टीवर एक घर पुढे सरकलं की तीव्रता दहापट होते. चार घरं म्हणजे दहा हजार पट. घोडा बिचारा फारच कमी पडतो.

किळस वाटली तर त्यात गैर काही नाही, ती ज्याची त्याची. पण या अंड्याला ‘कुजलेलं’ म्हणणं मला पटत नाही. कुजवतात ते जिवाणू, आणि इतक्या तीव्र आम्लारीत त्यांचा निभाव लागत नाही. हे अंडं उकडलेलं नाही, भाजलेलं नाही, आंबवलेलंही नाही. तरी ते शिजलेलं आहे.

अन्न टिकवायचं तर ते आंबट करायचं, हा उपाय जगभर ठाऊक आहे. सामू साधारण 4.6 च्या खाली नेला की बहुतेक उपद्रवी जिवाणू थंडावतात. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला मात्र फार थोडे स्वयंपाकी गेले, कारण तिथे धोका आहे. तीव्र आम्लारी चरबीचा साबण करते आणि कातडी सोलवटते. जे गेले त्यांनी काढलेले पदार्थ आज ‘जगातले विचित्र पदार्थ’ अशा याद्यांमध्ये ठरलेल्या जागा अडवून बसतात.

पिदानची जुनी रीत अशी: बदकाची अंडी घ्यायची, त्यांना चुना, लाकडाची राख, मीठ, चहाचं पाणी आणि माती यांचा जाड लेप द्यायचा आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून भाताच्या तुसात घोळवायची. यातली खरी हुशारी राख आणि चुना यांच्या जोडीत आहे. नुसता चुना पाण्यात जेमतेम विरघळतो, त्यामुळे हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे आम्लारीला तीव्रता देणारे ऋणभारित कण, थोडेच मिळतात. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. दोन्ही ओले होऊन एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेट साक्यासारखं बाजूला पडतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड मोकळं होतं. बाटलीतलं तीव्र रसायन विकत न आणता ते अंड्याच्या सालीवरच तयार होतं.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून हायड्रॉक्साइड हळूहळू आत झिरपतं. (अंड्याचा पांढरा भाग मुळातच किंचित आम्लारीधर्मी असतो. ताज्या अंड्यात त्याचा सामू साडेसातच्या आसपास असतो आणि आतला कार्बन डायॉक्साइड छिद्रांतून निघून गेला की तो 9 च्या वर चढतो. खाण्याच्या नैसर्गिक पदार्थांत हे फारच क्वचित आढळतं.)

आता माझा आवडता भाग. पांढऱ्या भागातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक असतं ओव्हाल्ब्युमिन. त्याचा रेणू म्हणजे सुताची घट्ट गुंडी: अमिनो आम्लांची लांब साखळी, स्वतःभोवती नेमक्या पद्धतीने गुंडाळलेली. उष्णता दिली की गुंडी सुटते, उघडे पडलेले चिकट भाग शेजारच्या रेणूंना सापडतील तसे चिकटतात आणि मोठमोठे पुंजके होतात. हे पुंजके प्रकाश विखुरतात, म्हणून उकडलेलं अंडं पांढरंफटक दिसतं.

आम्लारीत गुंडी वेगळ्या कारणाने सुटते. हायड्रॉक्साइड प्रथिनावरचे प्रोटॉन काढून घेतं. साखळीतल्या लायसिन या अमिनो आम्लाचा धनभार जातो, टायरोसिन या दुसऱ्यावर ऋणभार येतो आणि सगळी साखळी ऋणभारित होते. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे रेणू आतूनच ताणला जाऊन उलगडतो. शेजारचा रेणूही ऋणभारित असल्याने दोघं बेधडक एकमेकांना चिकटू शकत नाहीत. जपून, मोजक्या जागीच जोडले जातात आणि पुंजक्यांऐवजी बारीक धाग्यांचं जाळं विणलं जातं. धागे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक असल्याने प्रकाश आरपार जातो. प्रथिनं तीच, पण उष्णतेने पांढरा गोळा होतो आणि आम्लारीने पारदर्शक जेली.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडत असते, आणि इथे थोडा धीर धरावा लागेल. प्रथिनात गंधकाच्या दोन अणूंनी जोडलेले बंध असतात, त्यांना डायसल्फाइड बंध म्हणतात. हायड्रॉक्साइड सिस्टिन या गंधकयुक्त अमिनो आम्लातले हे बंध तोडतं आणि मागे डिहायड्रोॲलनिन नावाचा अस्वस्थ अवशेष उरतो. तो जवळच्या लायसिनला गाठतो आणि लायसिनोॲलनिन हा नवा, कायमचा पूल बनतो. म्हणूनच पिदानची जेली तापवल्यावर जिलेटिनसारखी पूर्ण वितळून जात नाही. तुटलेल्या बंधांतला गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो, बलकातल्या लोहाला भेटतो आणि आयर्न सल्फाइड तयार होतं. बलकाचा काळपट हिरवा रंग तो हाच. पांढऱ्या भागात थोडं ग्लुकोज असतं; ते अमिनो गटांशी संयोग पावून तपकिरी रंग देतं. ही मेलार्ड अभिक्रिया पावाच्या कवचाला भट्टीत रंग देते, पण आम्लारीत ती गार असतानाही चालते. काही प्रथिनं तुटून अमोनियाही सुटतो. घोड्याची कथा बहुधा त्या वासातूनच जन्मली असावी.

हे सगळं वेळेत थांबावं लागतं. हायड्रॉक्साइड जास्त झालं तर विणलेलं जाळंच उसवतं आणि जेलीचं पुन्हा पाणी होतं. म्हणून पूर्वी लेपात शिशाचं ऑक्साइड घालत. शिशाचं सल्फाइड छिद्रांत बसून त्यांना बुजवतं आणि आम्लारीचा ओघ मंदावतो. रसायनशास्त्र म्हणून नामी, आरोग्याला घातक. आता जस्त किंवा तांब्याची संयुगं वापरतात, पण तिथेही लबाडी होते: 2013 मध्ये जिआंगशी प्रांतातल्या नानचांग परिसरात औद्योगिक दर्जाचं कॉपर सल्फेट वापरल्याचं उघड झाल्यावर अनेक कारखाने बंद करण्यात आले. घाबरायचं तर याला घाबरा.

एवढं वाचून कोणाला वाटेल, आम्लारी म्हणजे आरोग्य! ‘अल्कलाइन वॉटर’ विकणारे हेच तर सांगतात. जठरातलं आम्ल त्या पाण्याची आम्लारिता काही क्षणांत संपवतं, आणि रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. त्यांना बाटलीची मदत लागत नाही. शिवाय आम्लारी अन्नातलं काही हिरावूनही घेते: पिदानमध्ये सिस्टिन आणि थोडं लायसिन खर्ची पडतं.

नॉर्वे-स्वीडनचा लूटेफिस्क याच कुळातला. वाऱ्यावर कडकडीत वाळवलेला कॉड मासा आधी पाण्यात, मग राखेच्या किंवा सोड्याच्या तीव्र द्रावणात भिजवतात. ऋणभारित प्रथिनं एकमेकांपासून दूर सरकतात, मधल्या जागेत पाणी शिरतं आणि लाकडासारखा मासा फुगून थरथरतो. या टप्प्यावर तो खाल्ला तर तोंड भाजेल, म्हणून पुढचे कित्येक दिवस पाणी बदलत राहतात. चांदीचे काटे-चमचे मात्र त्याच्या वाटेला नेत नाहीत, काळे पडतात.

आइसलंडच्या हाकार्लमध्ये बाहेरून आम्लारी घालावी लागत नाही. ग्रीनलंड शार्कच्या मांसात युरिया भरपूर असतो, आणि ताजं मांस विषारी असतं. ते रेतीत पुरून दगडांखाली दाबतात आणि नंतर महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. जिवाणू युरिया फोडून अमोनिया करतात आणि सामू आपोआप वर चढतो. कोरियातला होंगो, म्हणजे मुरवलेला स्केट मासा, हीच वाट चालतो. तो खाताना नाकातोंडात शिरते ती झिणझिणी शुद्ध अमोनियाची.

आम्लारीचा सर्वांत मोठा उपकार मात्र कोणाच्याच विचित्र यादीत नसतो. मेक्सिको आणि ग्वातेमालात मका हजारो वर्षांपासून चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवतात. त्याने टरफल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं एरवी पचनाला न सापडणारं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपीयांनी मका नेला, चुना मागेच राहिला. मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडू लागला: कातडीवर चट्टे, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रम. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये त्याची नोंद केली. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो विसाव्या शतकातही हजारो जणांचे बळी घेत होता. हा संसर्ग नसून आहाराचा दोष आहे, हे अमेरिकी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर 1914 नंतर परोपरीने सांगत राहिले, रुग्णांचं रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतलं. जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड एल्व्हेयेम यांनी नायसिनवर बोट ठेवलं ते 1937 मध्ये.

मक्याखाली उरणारं पिवळट, तीव्र आम्लारीधर्मी पाणी तिथे नेहायोते म्हणून ओळखलं जातं. घरच्या पातेल्यातून ते थोडंसंच निघतं. तोर्तियाच्या कारखान्यांत ते इतकं साचतं की प्रक्रिया न करता नाल्यात सोडलं तर जलचर मरतात, आणि त्याचं करायचं काय यावर मेक्सिकोतले संशोधक अजून खपत आहेत.