डोंगरावर पाऊस, खाली अर्धा तास

जोराचा पाऊस झाला की बातम्यांत पहिला शब्द येतो ‘ढगफुटी’, आणि पाठोपाठ ढग फोडणाऱ्या यंत्रांचे, परदेशी कटांचे मेसेज फिरू लागतात. ढग म्हणजे पाण्याने भरलेली पखाल नव्हे. मोठ्या वादळी ढगातसुद्धा एक घनमीटर हवेत थेंबांच्या रूपात जेमतेम काही ग्रॅम पाणी असतं. तेवढंच खाली आलं तर पाऊस लवकरच आटोपेल. तासन्‌तास पाऊस पडतो तो खालून दमट हवा सतत वर चढत राहते म्हणून. ढगात साठा नसतो, पुरवठा असतो.

उष्ण कटिबंधातल्या डोंगराळ बेटांवर हा पुरवठा डोंगरच चालू ठेवतो. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट पाहा. कोमट समुद्रावरून आलेल्या हवेला किनारा ओलांडताच तीन हजार मीटर उंचीच्या पहाडाला भिडावं लागतं. वर चढताना ती थंड होते आणि वाफेचं पाणी होतं. वारा थांबेपर्यंत हे असंच चालतं. ७-८ जानेवारी १९६६ ला चक्रीवादळात तिथल्या फोक-फोक या ठिकाणी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हा जागतिक विक्रम आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

पण जीव जातात ते नुसत्या पावसाच्या आकड्याने नाही. शेजारच्या मॉरिशसमध्ये, जिथे मराठी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि शाळेत मराठी शिकतात, ३० मार्च २०१३ ला राजधानी पोर्ट लुईत दोन तासांच्या आत सुमारे १५२ मिलिमीटर पाऊस झाला. विक्रमाच्या तुलनेत किरकोळच. तरी ११ माणसं गेली, आणि त्यातली बरीचशी बंदराजवळच्या पादचारी भुयारात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये. मुंबईच्या वाचकाला लगेच भरतीची आठवण येईल, पण मॉरिशसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम हात-दीड हात असतो. दोष भरतीचा नव्हता, उताराचा होता.

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण सगळं यातच आहे. पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला पडलेला थेंब ओढ्याच्या तोंडाशी यायला किती वेळ लागतो? १९४० साली किरपिच या अमेरिकी अभियंत्याने टेनेसीतल्या लहान पाणलोटांवरून यासाठी सूत्र मांडलं: ओढ्याची लांबी मीटरमध्ये घेऊन तिचा ०.७७ वा घात, उताराचा उणे ०.३८५ वा घात, या दोहोंचा गुणाकार आणि त्याला ०.०१९५ ने गुणायचं. उत्तर मिनिटांत येतं. समजा ओढा ५ किलोमीटर लांब आहे आणि तेवढ्यात ६०० मीटर उतरतो, म्हणजे उतार ६०० भागिले ५,०००, अर्थात ०.१२. उत्तर येतं सुमारे ३१ मिनिटं. तेवढाच लांब ओढा सपाट मैदानात असेल, दर किलोमीटरला फक्त एक मीटर उतरणारा, तर सव्वातीन तास. आता डोंगरउतारावर काँक्रीट ओता. काँक्रीटवरून वाहणाऱ्या पाण्यासाठी हे उत्तर ०.४ ने गुणतात. ३१ चे १२ होतात. कोयनेचं पाणी सांगलीला पोचायला तासन्‌तास लागतात, म्हणून तिथे भोंगा वाजवून गाव हलवता येतं. इथे इशारा टाइप होईपर्यंत पाणी रस्त्यावर असतं.

आता पाणी किती ते पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ५ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर १५० मिलिमीटर म्हणजे साडेसात लाख घनमीटर. त्यातलं ८० टक्के वाहून आलं आणि दोन तासांत आलं, तर सेकंदाला सरासरी ८३ घनमीटर. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा आणि असे आठ टँकर दर सेकंदाला रिकामे होताहेत असं समजा. समजा त्यातला विसावा हिस्सा, सेकंदाला ४ घनमीटर, एखाद्या भुयाराच्या तोंडातून आत वळला. भुयार ४० मीटर लांब, ५ मीटर रुंद, अडीच मीटर उंच, म्हणजे आतली जागा ५०० घनमीटर. सव्वाशे सेकंदांत छतापर्यंत भरलं! दोन मिनिटं पाच सेकंद. पायरीवरून पाणी येताना दिसलं तेव्हा पलीकडे पोचू असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तेवढा वेळ नसतो.

तळघरातलं दारही तितकंच फसवं. ९० सेंटिमीटर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी साचलं की त्यावरचा एकूण दाब सुमारे ११२ किलोग्रॅम वजनाइतका होतो. तो दाराच्या रुंदीभर पसरलेला असल्याने कडीजवळ ढकलायला साधारण ५६ किलोचा जोर लागतो, तोही ओल्या फरशीवर पाय सरकत असताना. म्हणून जोराच्या पावसात गाडी काढायला खाली जायचं नाही, आणि खाली असाल तर पाणी घोट्याला लागायच्या आत जिन्याने वर यायचं. लिफ्टने कधीच नाही.

गाडीचा हिशेब आणखी सोपा. छोटी गाडी १,००० किलोची, तळाचं क्षेत्रफळ सव्वापाच चौरस मीटर, तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटर वर. पाणी तळाच्या वर दर १० सेंटिमीटरला ५२५ किलो वजन उचलतं. म्हणजे १९ सेंटिमीटरला गाडीचं सगळं वजन पाण्यावर. एकूण खोली ३६ सेंटिमीटर, गुडघ्याच्याही खाली. त्याआधीच टायरची पकड सुटते, आणि इंजिन पुढे असल्याने मागची बाजू आधी फिरते. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या अशाच वाहत गेल्या. रियुनियनमध्ये नदीपात्रातून जाणाऱ्या सखल रस्त्यांना रादिए म्हणतात, म्हणजे आपली फरशी किंवा कॉजवे. त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी मागे घ्यायची, बस.

पायी चालताना खोली आणि वेग यांचा गुणाकार बघतात. ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांच्या मार्गदर्शिकेत मीटर आणि मीटर प्रतिसेकंद यांचा गुणाकार मुलांसाठी ०.४, प्रौढांसाठी ०.६ च्या पुढे गेला की धोका वाढत जातो असं धरतात. छोट्या गाडीसाठी मर्यादा फक्त ०.३. वेग कळायला पाण्यात एक पान टाका. १० मीटर ५ सेकंदांत गेलं तर वेग २. अशा पाण्यात ४० सेंटिमीटर खोलीलाच गुणाकार ०.८ होतो. गढूळ पाण्याखाली गटाराचं झाकण उघडं असू शकतं, ते कुठल्याच गुणाकारात येत नाही.

मॉरिशसमध्ये १२ तासांच्या आत १०० मिलिमीटर पडून जोर कायम राहणार असेल तर मुसळधार पावसाची स्थिती जाहीर होते. २०१३ च्या त्या पावसाने हा आकडा दोन तासांच्या आतच ओलांडला होता. म्हणून स्वतःचं मोजमाप हाताशी हवं. सरळ कडांचं पातेलं उघड्यावर ठेवा. अर्ध्या तासात दोन आडवी बोटं पाणी साचलं तर पाऊस पोर्ट लुईच्या त्या दुपारच्या वेगाने पडतोय. ओढ्याकाठी, तळमजल्यावर किंवा पुलाखाली असाल तर लगेच वर जा. वर डोंगरात धबधब्याच्या डोहात उतरला असाल तर डोक्यावरच्या आकाशावर विसंबू नका. नितळ पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, दगडांचा घरघराट ऐकू आला, किंवा प्रवाह अचानक आटला, की सामान तिथेच टाकून काठाने वर चढायचं, ओढ्याच्या दिशेने खाली पळायचं नाही. प्रवाह आटणं सगळ्यात वाईट, कारण वर कुठेतरी ओंडक्यांनी पाणी अडवलेलं असू शकतं.

गाडी पाण्यात गेलीच तर क्रम असा: पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग टपावर. दार उघडत बसू नका. काचेचं बटण पाण्यात थोडाच वेळ चालतं. पुढची काच थरांची असते, ती हातोडीने फुटून मोकळी होत नाही, आणि काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, हे गाडी घेतानाच विचारून ठेवा. प्रवाहात पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे, आणि तिरके काठाकडे सरका. वेगात उभं राहायचा प्रयत्न केला की पाय दगडांत अडकतो आणि पाणी पाठीवरून दाबतं. समोर कुंपण किंवा आडवं झाड आलं तर मात्र उलटं करायचं: पोटावर होऊन जोराने पोहत जायचं आणि वर चढायचं.

पाणी ओसरल्यावर ओला मीटर आणि बटणं वायरमनने तपासेपर्यंत मेन स्विच बंद राहू द्या. पिण्याचं पाणी खळखळ उकळून घ्या. पुराच्या पाण्यातून चालला असाल आणि पायाला जखम असेल तर साबणाने धुवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आधी सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय त्यांना त्यावरूनच येतो.