अपोलोचा चांद्रसूट (ए७एल)

अपोलो मोहिमांमधे अंतराळवीर चंद्रावर ज्या सूटमधे फिरले तो ए७एल, आणि अपोलो १५ पासून त्याचीच सुधारलेली आवृत्ती ए७एलबी. १९६९ ते १९७२ मधे एकूण १२ जण तो घालून चंद्रावर चालले. बनवला अमेरिकेतल्या डेलावेअरच्या आयएलसी कंपनीनं, म्हणजे प्लेटेक्स या ब्रा वगैरेंच्या ब्रँडवाल्यांनी, आणि शिवला तिथं मशीनवर बसणाऱ्या बायकांनी. टाका मिलिमीटरभर सरकलेला पण चालायचा नाही, आत टाचणी राहिली नाही ना म्हणून एक्सरे काढून बघायचे. मला तरी या बायकांचं काम रॉकेट बनवणाऱ्यांइतकंच मोठं वाटतं.

खरी अडचण होती वाकण्याची. सूटमधे शुद्ध ऑक्सिजन भरायचा तो साधारण ३.७ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाबानं (समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ असतो), पण बाहेर हवाच नसल्यानं तेवढ्यानंही कापड फुगून टायरच्या ट्यूबसारखं ताठ होतं, मग कोपर गुडघा वाकवणार कसा? म्हणून सांध्यांना पेटीच्या भात्यासारख्या रबरी घड्या दिल्या, एक बाजू मिटली की दुसरी उघडते आणि आतली जागा जवळपास तेवढीच राहते त्यामुळे जोर कमी लागतो. ग्लोव्ह्ज तर प्रत्येकाच्या हाताचा साचा घेऊन केलेले, तरी बोटं आणि नखं दुखायचीच.

उष्णतेचा धडा आधीच मिळाला होता. १९६६ मधे अपोलोच्या आधीच्या जेमिनी ९ मोहिमेवेळी यानाबाहेर गेलेले अंतराळवीर सर्नन घामाघूम झाले, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली, नुसत्या हवेनं अंग थंड होत नाही हे तिथं कळलं. चंद्रावर मग अंगालगतच्या कपड्यात बारीक नळ्यांमधून पाणी फिरवलं. १९६७ ला अपोलो १ च्या आगीत तिघे अंतराळवीर दगावले, त्यानंतर बाहेरचा थर टेफ्लॉन लावलेल्या काचतंतूंच्या कापडाचा केला, तो पेट घेत नाही.

धुळीनं मात्र फार छळलं. ती काचेसारखी धारदार, सांध्यांत शिरायची, कापड घासून काढायची, अपोलो १७ चे अंतराळवीर श्मिट यांना तर यानात आल्यावर शिंका सुरू झाल्या.

चंद्रावर पहिल्यांदा उतरलेल्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी परतताना वजन कमी करायला ऑक्सिजन वगैरे पुरवणारे पाठीवरचे संच आणि सूटच्या बुटांवर चढवायचे बूट तिथंच टाकले, ते अजून चंद्रावर आहेत. आर्मस्ट्राँग यांचा सूट वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पण आतलं रबर कडक होऊन झिजत चाललंय त्यामुळे त्याला फार जपावं लागतं.