काउंटी मेयोतील कूळशोध

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो या ग्रामीण काउंटीत सरकारी नोंदी, चर्चच्या नोंदवह्या, जमिनीची दप्तरे आणि दफनभूमीतील स्मृतिशिळा यांच्या आधारे एखाद्या घराण्याची वंशावळ जुळवण्याची पद्धत. कॅसलबार हे काउंटीचे मुख्य ठिकाण. बॅलिना आणि वेस्टपोर्ट ही इतर मोठी गावे. 1841च्या जनगणनेत मेयोची लोकसंख्या 3,88,887 होती. बटाट्यावर पडलेल्या रोगाने ओढवलेल्या महादुष्काळानंतर, 1851मध्ये, ती 2,74,499 उरली. काही भुकेने आणि तापाने मेले, काही बोटीत बसून गेले. गेलेल्यांचे वंशज आज अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पसरले आहेत आणि मेयोत कूळ शोधणाऱ्यांत त्यांचाच भरणा मोठा आहे.

आधी टाउनलँड

‘आमचे पणजोबा मेयोचे’ एवढ्या माहितीवर शोध पुढे सरकत नाही. काउंटीत नऊ बॅरनी (काउंटीचे जुने पोटविभाग), त्यांखाली 73 सिव्हिल पॅरिश (सरकारी कामासाठीचे गावगट) आणि सर्वांत खाली तीन हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. टाउनलँड म्हणजे काहीशे एकरांचा, हद्द ठरलेला शिवार; त्यावर वस्ती असेल किंवा नसेलही. वॉल्श, गॅलगर, केली, मोरन, डफी ही आडनावे मेयोत इतकी दाट आहेत की एका पॅरिशमध्ये एकाच नावाचे पाच-सहा पॅट्रिक वॉल्श सहज सापडतात. त्यांतला आपला कोणता, हे टाउनलँडच सांगते. म्हणून ते हाती येईपर्यंत आयर्लंडमधली कागदपत्रे न उघडलेली बरी.

टाउनलँडचे नाव बहुधा परदेशातच सापडते. अमेरिकेतल्या आयरिश दफनभूमींत कित्येक शिळांवर मूळ काउंटी आणि पॅरिश कोरलेली असते. स्थानिक वर्तमानपत्रांतील मृत्युवार्ता, चर्चमधील लग्नाची नोंद, जुन्या पाकिटावरचा पत्ता हेही तपासावे. बॉस्टनच्या ‘पायलट’ या साप्ताहिकात 1831पासून 1921पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती छापल्या जात. त्यांत पॅरिश आणि पुष्कळदा टाउनलँड दिलेले असते. हे नाव ऐकून लिहिलेले असल्याने त्याचे स्पेलिंग वेडेवाकडे असते. ते 1851च्या जनगणनेवरून तयार झालेल्या टाउनलँडांच्या वर्णानुक्रमी सूचीशी ताडून पाहावे लागते, आणि एकाच नावाची टाउनलँड अनेक असल्याने पॅरिशही जुळवावी लागते.

हद्दी बदलतात हेही लक्षात ठेवावे. 1898च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने बॅलाहदरीन मेयोतून रॉसकॉमन काउंटीत गेले आणि बॅलिनाला लागून असलेले आर्डनरी शेजारच्या स्लायगो काउंटीतून मेयोत आले. बॅलाहदरीनचे घराणे 1850च्या दशकात मेयोच्या यादीत आणि 1901मध्ये रॉसकॉमनच्या यादीत दिसते. असे घराणे कुठे हलले नव्हते, हद्द हलली होती. शिवाय कॅथलिक पॅरिश आणि सिव्हिल पॅरिश यांच्या सीमा एक नाहीत, आणि जन्म-मृत्यूची नोंदणी तर तिसऱ्याच विभागणीने, पुअर लॉ युनियनप्रमाणे (गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागांप्रमाणे) होई.

काय जळले, काय उरले

30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी अभिलेखागार जळाले. 1821 ते 1851च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. 1861 ते 1891च्या जनगणनांचे कागद आगीत गेले असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. ते सरकारनेच आधी नष्ट केले होते. त्यामुळे संपूर्ण उरलेली सर्वांत जुनी जनगणना 1901ची, त्यानंतर 1911ची. दोन्ही विनामूल्य पाहता येतात. 1911च्या तक्त्यात विवाहित स्त्रीच्या लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, हे विचारलेले आहे. यादीत न दिसणारी मुले वेगळी शोधायला हा रकाना फार उपयोगी पडतो.

या दोन जनगणनांतल्या वयांवर मात्र विसंबू नये. 1901मध्ये 56 वर्षांचा असलेला माणूस 1911मध्ये 71 वर्षांचा झालेला दिसतो. त्याचे कारण 1908चा वृद्धापकाळ पेन्शन कायदा. जानेवारी 1909पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागले आणि जन्मदाखला कोणाकडेच नव्हता, कारण जन्मांची सरकारी नोंद 1864मध्ये सुरू झाली. वय सिद्ध करण्यासाठी अर्जदाराचे नाव 1841 किंवा 1851च्या जनगणनेत शोधले जाई. हे शोध-अर्ज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत. अर्जात आईवडिलांची नावे आणि टाउनलँड असते, आणि जळून गेलेल्या जनगणनेचा तेवढाच तुकडा त्यावर उतरवलेला सापडतो. बहुतेक शोधकर्ते हा साधा कागद पाहतच नाहीत.

1864नंतरच्या नोंदींत लग्नाची नोंद सर्वांत मोलाची: तिच्यात वर आणि वधू दोघांच्या वडिलांची नावे आणि धंदा, तसेच वर-वधूंचे राहण्याचे ठिकाण येते. वयाच्या जागी ‘फुल एज’ असले तर अर्थ फक्त 21 पूर्ण, एवढाच. जन्माच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते. मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावे नसतात, वय अंदाजे असते. तिथे खबर देणाऱ्याचे नाव पाहावे, तो बहुधा घरातलाच असतो. जन्मनोंदीची मुदत उलटली की दंड होई, म्हणून लोक तारीख पुढे ढकलत. बाप्तिस्मा जन्माच्या दोन आठवडे आधी झालेला दिसला तर चर्चची तारीख खरी मानावी.

मेयोतील कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या उशिरा सुरू होतात. बऱ्याच पॅरिशमध्ये एकोणिसावे शतक बरेच उलटल्यावर. त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015मध्ये इंटरनेटवर खुल्या केल्या. पुष्कळ ठिकाणी नावे लॅटिनमध्ये आहेत: जेम्स तिथे याकोबुस होतो, विल्यम गुलिएल्मुस. ब्रिजेट, बिडी आणि डीलिया एकच बाई असू शकते. ओनोरा आणि नोरा यांचेही तसेच. ‘ओ’ आणि ‘मॅक’ हे उपसर्ग एकाच घरात एका पिढीत गळतात आणि पुढच्या पिढीत परत येतात, म्हणून मॅली आणि ओमॅली दोन्हीखाली शोधावे.

जमिनीची दप्तरे

जनगणनेची उणीव काही अंशी ग्रिफिथ व्हॅल्युएशन भरून काढते. कर आकारण्यासाठी 1847 ते 1864 या काळात संपूर्ण आयर्लंडमधील घरे आणि जमिनी कसणाऱ्यांची ही छापील यादी आहे. प्रत्येक ओळीत नकाशावरचा क्रमांक, कसणाऱ्याचे नाव, त्याला जमीन देणाऱ्याचे नाव, क्षेत्र आणि मूल्य असते. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये येते: चार रूडांचा एकर, चाळीस पर्चांचा रूड. ‘5 A a’ अशी खूण असली तर 5 म्हणजे जमीनधारणा, मोठे अक्षर म्हणजे तिचा तुकडा आणि छोटे अक्षर म्हणजे घर. वर्णनातील ‘ऑफिसेस’ म्हणजे गोठे आणि कोठारे. मेयोत अनेकदा सहा-सात नावे एका कंसात येतात. तिथे रनडेल पद्धत होती: जमीन सामाईक, पट्टे वाटून घेतलेले. कंसातली माणसे बहुधा भाऊबंद किंवा सोयरे असतात. पण एकाच नावापुढचे सीनियर आणि ज्युनियर बापलेक असतीलच असे नाही. गावात थोरला आणि धाकटा ओळखण्यापुरतीही ही खूण वापरत.

यादीत फक्त कसणारा येतो. बायको, मुले, घरात राहणारा भाऊ यांचा पत्ता नसतो, आणि यादीत नाव नाही म्हणजे कुटुंब तिथे नव्हते असे ठरत नाही.

यापुढचे काम ग्रिफिथच्या यादीत नंतर झालेल्या फेरबदलांच्या वह्यांचे. आपल्याकडे फेरफार नोंदवही जे सांगते तेच या वह्या सांगतात. धारणा दुसऱ्याकडे गेली की जुने नाव खोडून नवे लिहीत आणि समोर वर्ष टाकत. दर फेरीची शाई वेगळ्या रंगाची असल्याने कोणते नाव कोणत्या वर्षीचे ते कळते. म्हणून रंगीत प्रतच पाहावी, काळ्या-पांढऱ्या प्रतीत निम्मी माहिती बुडते. बापाचे नाव खोडून मुलाचे आले की आधीच्या दोन-पाच वर्षांतले मृत्यू तपासावेत. बदल उशिराच चढत असे. ‘एल.ए.पी.’ (लँड अ‍ॅक्ट पर्चेस) हा शिक्का दिसला की त्या कुटुंबाने कायद्याने जमीन विकत घेतली. 1891मध्ये स्थापन झालेल्या कन्जेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने (पश्चिमेकडील गरीब, दाटीच्या भागांसाठीच्या सरकारी मंडळाने) मेयोत पुष्कळ शिवारांची फेरवाटणी केली, तिथे क्रमांक बदलतात. ग्रिफिथचा नकाशा घेऊन आजच्या घराजवळ उभे राहिले तर तो पणजोबांचा उंबरठा असेलच असे नाही.

दफनभूमी

कॅथलिक पाद्री दफनाची नोंद क्वचितच ठेवत. त्यामुळे 1864पूर्वीच्या मृत्यूंसाठी शिळा हा कधी कधी एकमेव पुरावा असतो. जुनी कॅथलिक घराणी मध्ययुगीन चर्चच्या पडक्या भिंतींभोवती पुरली गेली आहेत आणि दफनाची जागा घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राही. सुनेला कधी सासरच्या, तर कधी माहेरच्या जागेत पुरत. म्हणून माहेरची दफनभूमीही पाहावी.

अ‍ॅकिल बेटावरील किल्डॅवनेटच्या दफनभूमीत कागद आणि दगड कसे जोडले जातात ते स्पष्ट दिसते. जून 1894मध्ये स्कॉटलंडला हंगामी कामासाठी निघालेले बेटावरचे 32 तरुण-तरुणी क्लू उपसागरात बुडाले. सप्टेंबर 1937मध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉख येथे बटाटे काढायला गेलेले दहा मुलगे आगीत दगावले. दोन्ही दुर्घटनांतील मृत इथे आहेत. वर्तमानपत्रांनी त्यांची नावे, वये आणि गावे छापली आणि त्या यादीवरून कितीतरी घरांच्या पिढ्या जुळतात.

शिळा वाचताना पहिला प्रश्न हा की ती कोणी उभारली. ‘अमक्याने उभारली’ हा मजकूर नावाइतकाच महत्त्वाचा, कारण पैसे बहुधा अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेले असत आणि दगड मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी बसे. मग आजोबांचे वय आठवणीतून कोरले जाई. शिळेवरचे वय दस्तऐवजाशी न जुळल्यास दस्तऐवजाकडे कल ठेवावा. शिळा नसणे हीच मेयोत सर्वसाधारण गोष्ट. गरिबांच्या जागेवर शेतातला ओबडधोबड दगड रोवलेला असतो. तो कधीही हलवू नये. वर्कहाउस म्हणजे निराधारांसाठीचे आसरागृह; त्याशेजारच्या, दुष्काळातल्या सामूहिक दफनाच्या खड्ड्यांवर नावे नाहीत. बाप्तिस्मा न झालेली अर्भके पवित्र भूमीबाहेर, किलीन नावाच्या वेगळ्या जागी पुरत. तिथेही नावे नसतात, आणि अनेक कुटुंबे आजही त्या जागांची काळजी घेतात.

नोंद घेताना ओळींप्रमाणे क्रमांक देऊन हाताने आराखडा काढावा. मोबाइलची जागा-खूण काही मीटर चुकते आणि दाट कबरींत तेवढी चूक पुरेशी असते. मजकूर शिळेवर ओळ मोडते तिथेच ओळ मोडून, स्पेलिंग न सुधारता उतरवावा, न कळलेली अक्षरे चौकटी कंसात टाकावीत. आजूबाजूच्या शिळाही टिपाव्यात, नातेवाईक शेजारीच असतात. 1 आणि 7, 3 आणि 8, 5 आणि 6 यांत हमखास चूक होते. झिजलेला मजकूर सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात वाचता येतो; दुपारी आरशाने बाजूने प्रकाश पाडावा. खडू, पीठ, ब्लीच, तारेचा ब्रश वापरू नये: एकदा गेलेला कोरीव पृष्ठभाग परत येत नाही. शिळा घट्ट असेल तरच साधे पाणी आणि मऊ ब्रश. आयव्हीची वेल ओढू नये, तिची मुळे सांध्यांत शिरलेली असतात आणि वेलीबरोबर दगडही येतो. अनेक जुन्या दफनभूमी संरक्षित स्मारके आहेत. तिथे झाडोरा काढण्याआधीही काउंटी कौन्सिलला विचारावे.

मेयोच्या काही मुलांच्या कबरी महाराष्ट्रात आहेत. ब्रिटिश सैन्यातील आयरिश पलटणी मुंबई इलाख्यात राहिल्या आणि सैनिक खडकी, पुणे, देवळाली येथील छावण्यांत वारले. इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नकला लंडनला जात; त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/3’ या क्रमांकाखाली आहेत. दफनाच्या नोंदीत नाव, वय, हुद्दा आणि पलटण असते, गाव नसते. सेवेत असतानाच वारलेल्याचे पेन्शनचे कागद बहुधा नसतात. त्याच्यासाठी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात त्या पलटणीचे हजेरीपट पाहावेत: नाव कमी झालेल्या तिमाहीच्या शेवटी जन्मस्थान आणि कधी कधी वारसाचे नाव लिहिलेले असते.